बाजव्याच्या शाळेत, मतदानाच्या आदल्या रात्री

यंत्राला सील, सीलवर सह्या,
त्यांतली एक माझी: मृणालिनी वसंत खानविलकर,
मतदान अधिकारी क्रमांक दोन.
शाई लावणं माझ्याकडे.
साहेब म्हणाले, डोळ्यांत तेल घालून बसा
आणि स्वतः बाकावर झोपले.

खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसते.
गोरव्याच्या गच्चीवरून आम्ही तिला
कारखान्याची समई म्हणायचो.
बाबा सांगायचे, समई नाही गं,
उरलंसुरलं जाळतात तिथे.

यंदाची सगळी निवडणूक या उरल्यावरच आहे.
भाव चढले, रॉयल्टी चढली,
तिजोरीत म्हणे तेलाचे पैसे उरले.
ट्रेझरीत एकोणीस वर्षं झाली मला,
हा शब्द कधी कानावर आला नव्हता.

हसमुखभाई पाटणवाडियांनी सभेत सांगितलं:
घरटी सिंगतेलाचा डबा,
बहिणींच्या खात्यात दरमहा दोन हजार.
तेल तुमच्या जमिनीतलं,
मग पैसा तिजोरीत काय अंडी घालायला ठेवायचा?
टाळ्या.
खोटं कशाला बोलू, मीही डब्याचा भाव मनात वजा केला.

दांडिया बाजारच्या शिर्केताई उभ्या राहिल्या दुसऱ्या बाजूने.
मुद्दल हलवायचं नाही, म्हणाल्या, नुसतं व्याज खायचं.
विहिरी आटतील तेव्हा नातवंडांना काय दाखवाल?
आणि भरात येऊन मराठीत बोलून गेल्या:
तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.
लोक एकमेकांकडे बघायला लागले.
धुपाटण्याला गुजरातीत काय म्हणतात
ते बाईंना ऐनवेळी आठवेना.
मागून कुणीतरी ओरडलं,
बेन, नातवंडं नंतर, आधी पोराचं लग्न तर लागू दे!
ती सभा तिथेच संपली.

साडेअकराला शनाभाई चहा घेऊन आले.
शाळेचे शिपाई. कलोलकडे त्यांची सव्वा बिघा जमीन,
तिच्यात अकरा वर्षं एक यंत्र
गाढवासारखी मान हलवत होतं.
भाडं यायचं. न चुकता.
काय केलं त्याचं?
बोटं मोडत सांगितलं त्यांनी:
ट्रॅक्टर. थोरलीचं लग्न. धाकटीचं, डीजेसकट.
माताजीच्या देवळाला फरशी.
चार वर्षांपूर्वी एका सकाळी मान थांबली ती थांबलीच.
आता वर कावळे बसतात.

मग तुम्ही तरी शिर्केताईंना...
मी वाक्य अर्ध्यावर सोडलं. ड्यूटीवर आहे मी.

ते हसले. म्हणाले, दिलं तर खाऊन टाकीन, ते माहीत आहे मला.
नाही दिलं तर दुसरा कोणी खाईल,
तेही माहीत आहे.
तू ट्रेझरीत आहेस ना, तूच सांग,
ती पेटी, जिला हात लावायचा नाही,
तिची किल्ली कुणाच्या कमरेला?

मला आठवली एक फाइल.
दुष्काळासाठी राखून ठेवलेली रक्कम,
तात्पुरती वळती, तात्पुरती वळती,
दर मार्चला तोच शेरा, माझ्याच अक्षरात.
चहा निवला तरी मी पीत राहिले.

स्टेशनात टँकरची मालगाडी लागली.
झोप येईना म्हणून डबे मोजत बसले.
सत्तेचाळीसपर्यंत नीट,
मग शनाभाईंनी विचारलं, शाई किती दिवस टिकते?
म्हटलं, नख वाढेपर्यंत.
मोजणी चुकली.

माझं मत टपालाने आधीच गेलं आहे.
कुणाला, ते सांगणार नाही.
एवढंच की लिफाफा चिकटवताना
हात जरा थांबला होता,
डिंक वाळेल इतका वेळ,
आणि पुन्हा थुंकी लावावी लागली.

पहाटे ज्योत फिकी दिसते, विझलेली नसते.
सात वाजता रांगेत पहिले शनाभाई,
इस्त्रीचा सदरा, केसांना चपचपीत तेल.
डावं बोट पुढे केलं त्यांनी.
मी पकडून ठेवलं, वाळेपर्यंत.